धबधब्याचं पंचांग

मराठी घरातल्या मोठ्या सहली दोनच वेळी बसवायच्या असतात, मे महिन्यात नाहीतर दिवाळीत. झांबेझी नदीला हे कोणी कळवलेलं नाही. मेच्या सुट्टीत ती एवढी भरून वाहते की समोर उभं राहूनही व्हिक्टोरिया धबधबा धड दिसत नाही. आणि दिवाळीला ती एवढी उतरलेली असते की झांबियाच्या बाजूला बराचसा नुसता काळा कडाच बघायला मिळतो. मुलं शाळेत होती तोवर म्हणूनच आमचं जाणं राहिलं. मुलं मोठी झाली, सुट्टीची अट सुटली, आणि मग खरा वाद सुरू झाला: जायचं तर कोणत्या महिन्यातल्या धबधब्याला?

हा प्रश्न ऐकायला विचित्र वाटतो, कारण आपल्याकडे पाऊस आणि धबधबा हातात हात घालून येतात. आंबोलीला सर कोसळली की तासाभरात रस्त्यावर पाणी उडायला लागतं. झांबेझीचा कारभार निवांत आहे. ती उगम पावते झांबियाच्या पार वायव्य कोपऱ्यात, थोडी अंगोलात फिरून येते आणि पुन्हा झांबियात शिरते. तिथला पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. पण ते पाणी थेट कड्यावर येत नाही. वाटेत बारोत्सेचं अफाट सपाट मैदान लागतं, तिथे ते पसरतं आणि आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. मैदानावर पूर चढला की लोझी लोकांचा राजा, म्हणजे लितुंगा, लेआलुईचा वाडा सोडून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या भल्यामोठ्या नावेतून उंचावरच्या लिमुलुंगाला मुक्काम हलवतो. नावेच्या छतावर हत्तीची मोठी प्रतिमा असते, वल्हवायला माणसांची अख्खी पलटण असते आणि नगारे वाजत असतात. या सोहळ्याला कुओम्बोका म्हणतात आणि त्याची तारीख पाण्याची पातळी बघून ठरते. हवामान खात्याच्या आलेखापेक्षा मला हे वेळापत्रक जास्त आवडलं.

थोडक्यात, धबधब्याच्या परिसरातला पाऊस थांबतो तेव्हा धबधबा भरात येतो. मार्च ते मे पाणी सर्वांत जास्त, त्यातही एप्रिलचा मान पहिला. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत कमी. एप्रिलमध्ये तुषारांचा लोट शेकडो मीटर वर चढतो आणि पन्नासेक किलोमीटरवरून दिसतो. पण प्रत्यक्ष कड्यासमोर गेलात तर पांढरा अंधार. पाणी खालून वर येतं, त्यामुळे रेनकोटाचा उपयोग फक्त फोटोत रेनकोट दिसण्यापुरता. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमाराला कुठेतरी बातमी येते, ‘व्हिक्टोरिया आटला’, आणि सोबत कोरड्या कड्याचा फोटो. तो फोटो बहुतेक वेळा झांबियाच्या बाजूचा असतो. तिकडचा कडा उंचावर आहे, म्हणून पाणी उतरलं की तिथलं आधी जातं. त्यात तिथूनच वीजकेंद्रालाही पाणी वळवलेलं आहे. झिम्बाब्वेच्या टोकाला त्याच दिवशी पाणी कोसळत असतं. २०१९ सालचा दुष्काळ खराच वाईट होता, पण अशा बातम्यांतल्या सगळ्याच फोटोंना दुष्काळ म्हणता येत नाही.

तर आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन तट पडले. दाजींना डेव्हिल्स पूल हवा होता. कड्याच्या अगदी ओठावर दगडाची एक नैसर्गिक कड आहे, तिच्याआड खड्ड्यात पोहायचं आणि खाली शंभर मीटर दरी. हे फक्त पाणी कमी असताना, ऑगस्टच्या अखेरीपासून पुढे काही महिने जमतं. ताईला चांद्रधनुष्य पाहायचं होतं. पौर्णिमेच्या रात्री तुषारांवर चंद्राच्या उजेडाने धनुष्य उमटतं, आणि त्याला तुषार भरपूर लागतात, म्हणजे साधारण एप्रिल ते जुलै. दोघांची मागणी एकाच सहलीत बसणं शक्य नव्हतं. माझी बायको दोघांचंही ऐकून घेऊन म्हणाली, “धबधबा दिसेल असा महिना कोणता, ते कोणीतरी बघा.” तो महिना जुलै. पाणी भरपूर असतं, पण कड्याचा आकार दिसू लागलेला असतो. दाजींना दोन देशांमधल्या पुलावरून दोरी बांधून उडी मारायची परवानगी देऊन गप्प केलं. ताईने भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि आषाढ पौर्णिमेवर बोट ठेवलं. आषाढी एकादशीचा उपास घरी करून, द्वादशीला तो सोडून निघायचं ठरलं.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. धबधबा दोन देशांच्या सीमेवर आहे आणि दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय तो पुरा होत नाही. त्यासाठी काझा नावाचा सामायिक व्हिसा निघाला आहे. ५० डॉलर, ३० दिवस, झांबिया आणि झिम्बाब्वेत हवं तितकं ये-जा. शिवाय कझुंगुला नाक्यावरून बोत्स्वानात जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. तो मिळणं पासपोर्ट कोणत्या देशाचा यावर अवलंबून आहे, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी हे तपासायचं. नाहीतर दोन देशांचे वेगळे व्हिसे, आणि त्यात ‘एकदाच प्रवेश’ असा शिक्का असेल तर पुलापलीकडे जाऊन परत येताना पंचाईत.

दुसरी गोष्ट पिवळ्या तापाच्या लसीची. मुंबईहून जाताना विमान बदलावं लागतं ते बहुतेक आदिस अबाबा, नैरोबी नाहीतर जोहान्सबर्गला. इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही देश पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. यादीतल्या देशातून लस न घेता भारतात परतलं तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते, सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि प्रमाणपत्राचं ते छोटं पिवळं पुस्तक आता आयुष्यभर चालतं. आमच्या मित्रांपैकी दोघांनी हे शेवटच्या आठवड्यावर ठेवलं आणि मग जोहान्सबर्गमार्गे महागडी तिकिटं काढली. मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या. त्या डॉक्टरांना विचारून.

आणि हो, स्वेटर. आफ्रिका म्हणजे उकाडा अशी समजूत करून घेऊन जुलैत तिथे उतरलेली माणसं विमानतळावरच ओळखू येतात. दक्षिण गोलार्धातला तो हिवाळा. दुपारी छान ऊन, पहाटे दात वाजतात.

व्हिक्टोरिया फॉल्स हे झिम्बाब्वेतलं गाव अगदी छोटं आहे, आणि त्यात माणसांच्या बरोबरीने इतरांचाही वावर आहे. हॉटेलच्या हिरवळीवर गुडघे टेकून चरणारी सुळेवाली रानडुकरं, कचऱ्याच्या डब्यांवर बबून माकडं. अंधार पडल्यावर पायी फिरू नका असं आम्हाला सांगितलं, आणि कारण चोर नव्हे, हत्ती. रस्त्याच्या कडेला पडलेली त्यांची ताजी लीद पाहिल्यावर कोणी वाद घातला नाही. गावातून कुठूनही झाडांच्या वर पांढरा ढग दिसतो. पहिल्यांदा मला तो वणव्याचा धूर वाटला. जवळ गेलं की आवाज येतो, एका सुरात, कुठेही श्वास न घेणारा.

झिम्बाब्वेच्या बाजूची पायवाट पश्चिमेकडच्या टोकाला सुरू होते. तिथे स्कॉटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचा पुतळा आहे आणि त्याच्या समोर डेव्हिल्स कॅटरॅक्ट. बाकी कड्यापेक्षा हा भाग खोल कापलेला आहे, म्हणून पाणी तिथे घुसळत, तिरकं, रागाने उतरतं. मग एकामागून एक टप्पे लागतात: मेन फॉल्स, हॉर्सशू, रेनबो. नकाशातले आकडे, म्हणजे १७०८ मीटर रुंदी आणि १०८ मीटर उंची, इथे काहीच सांगत नाहीत. कारण हा धबधबा दुरून बघायची सोयच नाही. नदी सपाट माळावरून संथ येते आणि जमिनीतल्या एका लांबट फटीत नाहीशी होते. आपण त्याच फटीच्या पलीकडच्या काठावर उभे. समोरासमोर, मध्ये फक्त दरी. एकावेळी दिसतो तो तुकडाच; उरलेला पुढच्या वळणावर.

पायवाटेवर सतत तुषार पडतात, त्यामुळे तेवढ्याच पट्ट्यात दाट ओलं रान वाढलं आहे. उंबराच्या जातीची झाडं, शिंदी, शेवाळ, लोंबणाऱ्या वेली. शंभर-दोनशे पावलं बाहेर पडलं की पुन्हा जुलैचं वाळकं गवत. कड्याच्या काठाला बऱ्याच ठिकाणी लोखंडी कठडा नाही, काटेरी फांद्यांचं बुटकं कुंपण आहे. पायवाटेच्या शेवटी डेंजर पॉइंटला तेही नाही. तिथे ओल्या खडकावर बायकोने माझी कॉलर मागून धरून ठेवली होती आणि त्या अवस्थेत मी खाली वाकून दगड पाहिला.

काळा दगड, त्यात वाटाण्याएवढी भोकं, काही भोकांत पांढरं खनिज भरलेलं. हा दगड मी ओळखत होतो. सिंहगड चढताना पायाखाली असतो तोच, बेसॉल्ट. लाव्हा थिजताना अडकलेल्या बुडबुड्यांच्या जागी खनिजं साचलेली. वय मात्र निराळं. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा अठरा कोटी वर्षांच्या आसपासचा. थिजताना आणि नंतरही या थरांना पूर्व-पश्चिम लांबच लांब भेगा पडल्या, त्या मऊ गाळाने भरल्या. नदी एखाद्या भेगेत शिरली की मऊ भाग खरवडून काढते आणि पूर्ण रुंदीचा धबधबा तयार होतो. मग कड्याचा एखादा कमकुवत भाग सापडला की त्यातून मागे सरकते, पुढची भेग गाठते, नवा धबधबा मांडते. खालच्या अंगाला नागमोडी घळी आहेत त्या या जुन्या धबधब्यांच्या जागा. डेव्हिल्स कॅटरॅक्ट खोल कापला जातोय तो याच कामासाठी. पुढचा धबधबा तिथून मागे सरकणार. आपल्या सहलीच्या तारखेवर परिणाम व्हावा एवढी घाई त्याला नाही.

लिव्हिंगस्टन इथे पोहोचला १८५५ सालच्या नोव्हेंबरात, म्हणजे पाणी उतरलेलं असताना. म्हणूनच त्याला होडीतून थेट कड्यावरच्या बेटावर जाता आलं आणि पालथं पडून खाली बघता आलं. एप्रिलमध्ये आला असता तर लांबूनच ढग बघून परतला असता. त्याला तिथे नेणारे कोलोलो लोक आणि त्यांचा राजा सेकेलेटू. ‘मोसी-ओआ-तुन्या’ हे नाव तेव्हा तिथे होतंच, राणीचं नाव त्यावर नंतर बसलं. उंची-रुंदीचा त्याचा पहिला अंदाज बराच कमी निघाला. बेटावर त्याने जर्दाळू, पीच आणि कॉफीच्या बिया पेरल्या. पाणघोड्यांनी बाग तुडवली. आज त्याच बेटावरून डेव्हिल्स पूलमध्ये उतरतात.

या माणसाचा आपल्याकडचा धागा मात्र पुतळ्याखाली लिहिलेला नाही. १८६४ साली तो लेडी न्यासा ही आपली छोटी आगबोट झांझिबारहून हिंदी महासागर ओलांडून मुंबईला घेऊन आला, आणि पुढे तिथेच ती विकली. शेवटच्या मोहिमेसाठी १८६६ च्या जानेवारीत तो मुंबईहूनच निघाला. सोबत नाशिकची मुलं होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये वाढत होती, शिकत होती, सुतारकाम-लोहारकाम करत होती. त्यांतला जेकब वेनराइट नंतरच्या तुकडीतून, १८७२ साली, लिव्हिंगस्टनपर्यंत पोहोचला. १८७३ च्या मेमध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन मेला तेव्हा त्याचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं, आणि त्या वेळी प्रार्थना वाचली ती नाशिकमध्ये वाचायला शिकलेल्या या जेकबने. झाडावरची अक्षरंही त्यानेच कोरली. लिव्हिंगस्टनचे जुने सोबती सूसी, चूमा आणि बाकीच्यांनी तो देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. जेकब पुढे त्या शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. नाशिकला शरणपूर रोडवरून मी कितीदा गेलो असेन. रहदारीला शिव्या देण्यापलीकडे त्या नावाचा विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन पुलावरून झांबियात गेलो. हा पूल १९०५ चा. सीसिल ऱ्होड्सला केप ते कैरो रेल्वे हवी होती आणि गाडीच्या डब्यांवर धबधब्याचे तुषार उडायला हवे होते, म्हणून पूल सोयीच्या जागी न बांधता इथे बांधला. स्वतः ऱ्होड्सने धबधबा कधी पाहिला नाही. १९०२ मध्येच तो गेला. इंग्लंडमध्ये तयार केलेले पोलादी भाग जहाजाने आणि आगगाडीने इथवर आणले आणि दोन्ही काठांवरून कमानी एकमेकींकडे वाढवत नेल्या. जोडायच्या दिवशी उन्हाने पोलाद फुगलेलं, टोकं एकमेकांवर चढली. रात्रीचा गारवा लागल्यावर सकाळी बसली. उद्घाटन केलं चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज डार्विन याने. तो स्वतः गणितज्ञ होता. पुलावर मध्येच एक पट्टा आहे, त्यावर एक पाय झांबियात आणि एक झिम्बाब्वेत ठेवून सगळेच फोटो काढतात, आम्हीही काढला.

पुलावरचे विक्रेते चिवट असतात. त्यांच्याकडे तांब्याच्या बांगड्या, लाकडी पाणघोडे, आणि झिम्बाब्वेच्या जुन्या नोटा. २००९ ची शंभर ट्रिलियन डॉलरची नोट, एकावर चौदा शून्यं, महागाईने चलन मेलं तेव्हाची. तिच्या एका बाजूला रानरेडा आणि हाच धबधबा छापलेला आहे. ती विकणाऱ्या मुलाने किंमत अमेरिकन डॉलरमध्येच मागितली आणि फाटकी नोट परत केली. तिथे जाताना एक-दोन-पाच डॉलरच्या कोऱ्या नोटांची गड्डी न्यावी. सुटे कोणाकडेच नसतात, आणि नोटेला जरा मुडप दिसली की नाक मुरडतात.

झांबियाकडचं लिव्हिंगस्टन गाव धबधब्यापासून दहाएक किलोमीटर आत. हे १९३५ पर्यंत उत्तर ऱ्होडेशियाची राजधानी होतं, त्याच्या खुणा मुख्य रस्त्यावरच्या जुन्या ओसऱ्यांत दिसतात. दुकानांच्या पाट्यांवर पटेल मंडळी आहेत. गुजराती व्यापारी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शाकाहाराची आम्हाला धास्ती होती ती एका खाणावळीत मिटली. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, न्शिमा, आणि बरोबर इफिसाशी: शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली पालेभाजी. बायकोने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “गूळ नाही घातला एवढंच.” हाताने खायचं, गोळ्याला अंगठ्याने खळगा करून त्यात भाजी उचलायची. दाजींनी तिखट मागितलं, ते आलंही, आणि मग पाणी मागितलं.

पौर्णिमेला आणि तिच्या मागच्या-पुढच्या रात्री उद्यान उघडं ठेवतात. चांद्रधनुष्याला चंद्र पाठीशी आणि फार वर न चढलेला लागतो. म्हणून संध्याकाळी, चंद्र पूर्वेकडून वर येत असताना, झांबियाचं पूर्वेकडचं टोक सोयीचं. चंद्र जसा चढतो तसं धनुष्य खाली खाली उतरत दरीत शिरतं. नाइफ एजच्या अरुंद पुलावर एवढी गर्दी होती की दादरचा जिना आठवावा. सगळे भिजलेले, सगळे फोन पुसतायत. दाजी रेनकोट नको म्हणाले होते, ते आता ताईच्या शालीखाली शिरू पाहत होते. आधी काहीच दिसलं नाही. मग डोळे सरावले आणि तुषारांत एक फिकट कमान उभी असलेली दिसली, दुधी, जरा राखाडी.

“रंग कुठायत?” ताई म्हणाली.

रंग असतात, पण एवढ्या कमी उजेडात आपल्या डोळ्याला ते पकडता येत नाहीत. शेजारच्या एका पोराने तिवईवर कॅमेरा लावला होता. दहा-पंधरा सेकंद उघडा ठेवून त्याने पडदा आम्हाला दाखवला: तांबडा, हिरवा, जांभळा, सगळे जागेवर. ताईने पडद्याकडे बघितलं, मग समोर बघितलं, आणि निकाल दिला, “पांढरंच बरं आहे. ते यंत्राला दिसतंय, हे मला.” रखवालदाराने शिट्टी वाजवून सगळ्यांना हाकलेपर्यंत ती हलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः दाजींना घेऊन पुलावर गेली. आपलं झालं, आता त्यांचं.

एकशे अकरा मीटरची उडी. आधी फॉर्मवर सह्या, मग वजनकाटा. दोरी त्या हिशोबाने लावतात. तिथल्या मुलीने दाजींचं वजन मोठ्या आकड्यांत त्यांच्या दंडावर मार्करने लिहिलं. ताईने चष्मा वर करून आकडा वाचला.

“घरी तर ऐंशी सांगत होतात!”

“काटा त्यांचा आहे,” दाजी म्हणाले आणि पट्टे बांधून घ्यायला गेले.